येताना काय आणलं, ते विचारा

प्रश्न खारघरच्या एका बाईंचा आहे. थोडक्यात असा: "बाबा वायुसेनेत हेलिकॉप्टर वैमानिक होते. वय ८०, राहायला ठाण्यात, वसंत विहारला. १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर एमआय-४ उडवलं, त्याबद्दल वायुसेना पदक मिळालं. घरी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. ११ ऑक्टोबर २०२४ ला नवी मुंबईच्या नव्या धावपट्टीवर वायुसेनेचं सी-२९५ मालवाहू विमान उतरलं, तेव्हा ते माझ्याकडे होते. टीव्हीवर बघता बघता जे बोलायला लागले ते रात्री अकरापर्यंत. तेव्हापासून लिहितायत. चार वह्या झाल्या, सगळ्या इंग्रजीत, आणि खरं सांगू, मला त्या वाचवत नाहीत. ऑफिसचा अहवाल वाचल्यासारखं होतं. पुस्तक व्हावं असं त्यांना वाटतं, मराठीत व्हावं असं मला. सुरुवात कुठून करू? कुणाला पैसे देऊन लिहून घ्यावं का?"

उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी ठाण्यातच, नौपाड्यात राहते. शब्दांकन आणि संपादन यावर माझं घर एकवीस वर्षं चाललंय. डॉक्टर, मुख्याध्यापक, पतपेढीचे अध्यक्ष, एक लग्नाचे आचारी, असे सगळे करून झाले. फौजी मंडळींची नऊ पुस्तकं केली, त्यांतली तीन वैमानिकांची. चौथ्या वैमानिकाचं अर्धवट राहिलं, आणि ते माझ्या चुकीने राहिलं. ती चूक पुढे सांगते, कारण तुमच्या हातून ती होण्याचा संभव दाट आहे.

आधी वह्या. त्या अहवालासारख्या वाटतात, कारण त्या अहवालच आहेत. वैमानिक नोकरीभर एकाच प्रकारचं बोलणं शिकतो. उतरल्यावर डीब्रीफिंगमध्ये उभं राहायचं आणि जे झालं ते झालं त्या क्रमाने, कमीत कमी शब्दांत, विशेषणं न लावता सांगायचं. रेडिओवर तर त्याहून कमी, कारण तिथे एकाने लांबण लावली की दुसऱ्याला बोलायला वाव राहत नाही. म्हणून बाबा "वेदर बॅड. लँडेड." एवढं लिहून पुढच्या ओळीवर जातात. तुम्हाला हवं असलेलं सगळं त्या दोन वाक्यांच्या मधल्या पूर्णविरामात आहे. पण हे लेखन वाईट आहे असं समजू नका. मराठी आत्मचरित्रांचा ठरलेला आजार, दर दोन पानांनी दाटून येणारा कंठ, त्याला अजून शिवलेला नाही. हौशी लेखकाच्या अलंकारांतून माणूस बाहेर काढणं फार जिकिरीचं असतं; त्यापेक्षा कोरडी वही हजारपट बरी. तेव्हा वह्या 'सुधारायला' कुणाकडे देऊ नका. झेरॉक्स काढा, मूळ वह्या त्यांच्या कपाटात राहू द्या.

वह्यांहून मोलाची एक वस्तू घरात असणार, तिचा तुम्ही उल्लेखच केलेला नाही: लॉगबुक. जाड पुठ्ठ्याची, रुंद पानांची वही. तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, वैमानिक कोण, सहवैमानिक कोण, काम काय, दिवसाचे तास, रात्रीचे तास. महिनाअखेरीला बेरीज आणि खाली वरिष्ठाची सही. माझ्याकडे आलेल्या एका लॉगबुकात रात्रीची उड्डाणं लाल शाईने लिहिली होती. डिसेंबर १९७१ चं पान उघडलं, तर निम्मं पान लाल. एक अक्षर न वाचता मला जे कळायचं ते कळलं.

त्यांच्याशी बोलायला बसण्याआधी तुम्ही स्वतः थोडी तयारी करा, नाहीतर ते तुम्हाला शाळेतल्या मुलीसारखं समजावत बसतील आणि दोघंही दमाल. पूर्व आघाडीवरची हेलिकॉप्टरं म्हटल्यावर आधी आजच्या बांगलादेशातली मेघना नदी बघा. आशुगंजजवळचा रेल्वेपूल माघार घेणाऱ्या पाकिस्तानी सैन्याने उडवून दिला होता, आणि समोर समुद्रासारखी पसरलेली नदी. चौथ्या कोअरचे लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांनी पुलाची वाट न बघता जवानांना हवेतून पलीकडे न्यायचं ठरवलं. वायुसेनेच्या बाजूने ग्रुप कॅप्टन चंदन सिंग. ९ डिसेंबरपासून एमआय-४ हेलिकॉप्टरांनी ब्राह्मणबाडियाकडून जवान उचलून मेघनेपलीकडे रायपुऱ्याला, मग नरसिंगदीला उतरवायला सुरुवात केली. दिवसभर आणि रात्रीही. रात्री उतरायची जागा हातातल्या टॉर्चच्या उजेडावर ओळखायची. त्याआधी ७ डिसेंबरला सिल्हेटला गुरखा पलटणीचे जवान असेच हेलिकॉप्टरने उतरवले होते. बाबा यांतल्या कुठल्या कामावर होते, की तिसऱ्याच, ते लॉगबुक सांगेल.

आणि यंत्र नीट समजून घ्या. एमआय-४ रशियन बनावटीचं, एकाच पिस्टन इंजिनाचं. इंजिन नाकात, त्याच्या वर दोन वैमानिक, आणि जवान खाली, मागच्या बाजूला. म्हणजे वैमानिक माडीवर आणि पाहुणे ओटीवर. मागे काय चाललंय ते त्याला बसल्या जागेवरून धड दिसत नाही, आवाजावरून आणि हेलिकॉप्टरच्या वागण्यावरून कळतं. हे का सांगतेय ते लक्षात येईल.

पाचपाखाडीतल्या एका तिसऱ्या मजल्यावर मी अशाच एका गृहस्थांचं बोलणं रेकॉर्ड करत होते. तेही पूर्वेकडचेच, एमआय-४ चेच. सोफ्याच्या डाव्या हाताशी एक बुटकं स्टूल, त्यावर पाण्याचा तांब्या. मी विचारलं, "रात्री पहिल्यांदा उतरलात तेव्हा भीती वाटली का?" ते म्हणाले, "नाही. ट्रेनिंग असतं." माझ्या वहीत मी लिहिलं: नाही, ट्रेनिंग. तितक्यात त्यांच्या सूनबाईंनी तांब्या उचलला आणि हसून म्हणाल्या, "मॅडम, यांच्या या हाताशी काही ठेवत जाऊ नका, त्या गोष्टी निघाल्या की पाडतात." मग मी चेहऱ्याऐवजी हाताकडे बघायला लागले. डावा हात सोफ्याच्या कडेला, मूठ अर्धवट वळलेली, आणि बोलता बोलता हात सावकाश वर यायचा, मनगट बाहेर पिळलं जायचं, परत खाली. हेलिकॉप्टर उचलायचा दांडा डाव्या हातात असतो, त्यालाच इंजिनाचा वेग वाढवायची पिळायची मूठ. पन्नास वर्षांनी, नौपाडा-पाचपाखाडीच्या हवेत, तो हात अजून हेलिकॉप्टर उतरवत होता. मी विचारलं, "आत्ता तुमचा हात काय करतोय?" त्यांनी हाताकडे पाहिलं आणि लहान मुलाला पकडावं तसे ओशाळले. त्यानंतर दीड तास बोलले. टॉर्चचे ठिपके खालून कसे हलायचे (धरणारा माणूसही पंख्याच्या वाऱ्याने हलतोच की), कुठला ठिपका खरा आणि कुठला पाण्यातला, हे ओळखायला ते काय करायचे, सगळं. भीती हा शब्द त्यात एकदाही आला नाही आणि मीही घातला नाही.

तेव्हा कसं वाटलं, असं विचारू नका. हात कुठे होते, पाय कुठे होते, कशाचा वास यायचा, कोण शेजारी बसायचं, हे विचारा. सकाळी, नाश्त्यानंतर, पाऊण तास, जास्त नाही. ऐंशीच्या माणसाचं दुपारचं बोलणं सकाळच्या बोलण्यापेक्षा जास्त भव्य होतं, हा माझा अनुभव.

आता मुख्य गोष्ट. पदक मिळालेल्या वैमानिकाला सगळे विचारतात, तुम्ही काय नेलंत, कुठे नेलंत, किती जण नेलेत. हे लॉगबुकात असतं, प्रशस्तिपत्रात असतं, युद्धाच्या इतिहासात असतं. येताना काय आणलं, हे कुठेही नसतं. हेलिकॉप्टर रिकामं परत येत नाही. पाचपाखाडीच्या गृहस्थांनी एका खेपेला रिकामे जेरीकॅन आणले, दोन खेपांना जखमी, आणि एका खेपेला एक पत्र. ते असं: पंखा फिरताच ठेवून जवान उतरत होते. उतरलेल्यांपैकी एक जण हेलिकॉप्टरच्या बाजूच्या खोबणीत पाय देऊन वर खिडकीशी आला आणि घडी घातलेला कागद आत कोंबून पळाला. आदल्या खेपेला यांनी कुणावर तरी मराठीतून शिवी हासडली होती, ती त्याने ऐकली असावी. वरती गावाचं नाव आणि 'ता. कोरेगाव', बस. यांनी तळावर परतल्यावर खाली 'जि. सातारा, महाराष्ट्र' असं लिहिलं, पाकिटात घातलं, तिकीट लावलं, टाकलं. मी विचारलं, पोचलं का? म्हणाले, "कसं कळणार? पाठवणाऱ्याचं नाव आत होतं. दुसऱ्याचं पत्र उघडायचं नसतं."

पदकाचं प्रकरण त्या पुस्तकात चार पानांचं आहे. हे पत्र सहा पानांचं. लोक मला भेटतात ते पत्राबद्दल बोलायला.

आणि माझी चूकही याच प्रश्नाची. चौथ्या वैमानिकाला मी हाच प्रश्न विचारला, पण रविवारी दुपारी, भरल्या घरात, दहावीतला नातू समोर मोबाइलवर आजोबांचा व्हिडिओ काढत असताना. "येताना काय आणायचात?" ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग नातवाकडे पाहिलं, उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. चहा आला, गार झाला. पुढचे तीन रविवार "जरा बरं नाही" असा निरोप आणि मग मुलाचा फोन, की बाबा नको म्हणतात. त्यांनी येताना काय आणलं ते मला कळलं नाही, आणि कळायचा मला हक्कही नव्हता. तर हा प्रश्न एकट्यात विचारा, मुलांना बाहेर पाठवून, आणि उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा विचारू नका. मुलगी म्हणून तुमच्यासमोर बोलणं त्यांना परक्या बाईपेक्षा जड जाईल. लिहून घेणारं माणूस लावावं की नाही, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढ्याच कारणासाठी 'लावा' असं आहे. भाषा सुधारण्यासाठी लावू नका. रेकॉर्डिंगच्या वेळी खोलीत घरचं कुणी नसावं, म्हणून लावा.

पदकाबद्दल थोडं सविस्तर, कारण घरच्यांचा सगळा जीव तिथे अडकलेला असतो. वायुसेना पदक १९६० मध्ये सुरू झालं. प्रशस्तिपत्र फ्रेममध्ये भिंतीवर असेलच. त्याची भाषा ठरावीक असते: असामान्य धैर्य, व्यावसायिक कौशल्य, कर्तव्यनिष्ठा. तिचं काम वेगळं आहे. ती सरकारदरबारी नोंद आहे, आणि नोंद म्हणून उत्तम आहे. माझ्या पहिल्या वैमानिक-पुस्तकात मी ते अख्खं प्रशस्तिपत्र मराठीत आणून एका प्रकरणाच्या सुरुवातीला डकवलं आणि पुढचं प्रकरण त्याच पट्टीत लिहिलं. गृहस्थांनी मसुदा वाचला, चष्मा काढला, आणि विचारलं, "हे कुणाबद्दल आहे? चांगला माणूस दिसतो." प्रकरण फाडून पुन्हा लिहिलं. प्रशस्तिपत्र परिशिष्टात घाला, फोटोसकट. मधल्या मजकुरात त्याचा एकही शब्द शिरू देऊ नका.

यावर परदेशातलं एक उदाहरण मी नेहमी देते. लहान मुलांचे लाडके लेखक रोआल्ड डाल ब्रिटिश वायुदलात होते. १९ सप्टेंबर १९४० ला ग्लॅडिएटर विमान नव्या तळावर पोचवायला निघाले. तळाचा ठावठिकाणा चुकीचा मिळालेला, इंधन संपत आलेलं, अंधार पडत होता. वाळवंटात उतरवायला गेले आणि आदळले. कवटीला मार, काही आठवडे डोळ्यांना दिसेना. बरे होऊन पुढे ग्रीसमध्ये हरिकेन विमानं घेऊन लढलेही. पण १९४२ मध्ये अमेरिकेतल्या मासिकात त्यांचा जो पहिला लेख आला, त्याच्या मथळ्यात ते लिबियावर 'पाडले गेले' होते. युद्ध ऐन भरात, वाचकांना शत्रू हवा होता. शत्रू तिथे नव्हताच, हे त्यांनी स्वतः सविस्तर लिहिलं ते १९८६ च्या आत्मकथनात. आणि गंमत बघा, खरी हकिकत जास्त अंगावर येते. शत्रूने पाडलं तर निदान कुणीतरी तुमच्यावर नेम धरलेला असतो. इथे एक चुकीचा आकडा आणि मावळता सूर्य.

तुमच्या बाबांच्या आठवणीतही असं एखादं 'पाडलं गेलं' निघेल. लबाडी म्हणून नव्हे. पन्नास वर्षं मेसमध्ये, कोर्समेट्सच्या, म्हणजे बरोबर प्रशिक्षण घेतलेल्यांच्या मेळाव्यात एखादी गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत होते. ते म्हणतील, एका रात्रीत चार खेपा केल्या. लॉगबुक म्हणेल, दोन त्या रात्री, उरलेल्या दोन त्यानंतर दोन दिवसांनी. अशा वेळी लॉगबुक त्यांच्या तोंडावर आपटू नका. नुसतं पान पुढे सरकवा. एका गृहस्थांनी असं पान पाच मिनिटं न्याहाळलं आणि म्हणाले, "मग मधला दिवस कुठे गेला?" त्या हरवलेल्या दिवसाच्या शोधात आम्हाला अख्खं प्रकरण मिळालं. मलेरियाच्या तापात तंबूत पडून होते, आणि त्यांच्या जागी जो गेला त्याच्याबद्दल ते त्या दिवसापर्यंत कुणाशी बोलले नव्हते. पुस्तकात दोन्ही ठेवा: मला आठवतं ते असं, वही म्हणते ते असं. वाचकाचा विश्वास अशानेच बसतो.

नाही लिहिलं तर काय होतं? काही होत नाही, किंवा मग दुसरं कुणीतरी लिहितं. दिलीप परुळकर यांचं उदाहरण घ्या. १९७१ मध्ये विमान पडून ते पाकिस्तानात युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये एका रात्री ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन सहकाऱ्यांसह रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निसटले आणि थेट अफगाण सीमेच्या अलीकडे, लंडी कोतलपर्यंत पोचले. तिथे त्यांनी लंडी खान्याला जायची चौकशी केली. जुन्या नकाशात असलेलं ते रेल्वेचं ठिकाण केव्हाच बंद पडलं होतं, त्याचं नाव कुणी घेत नसे. संशय आला, पकडले गेले. डिसेंबर १९७२ मध्ये बाकीच्या कैद्यांबरोबर परतले. या सुटकेवरचं सगळ्यांत गाजलेलं पुस्तक एका कॅनेडियन लेखिकेचं आहे, आणि चांगलं आहे. माझं म्हणणं वेगळंच. त्या गोष्टीतलं काय लक्षात राहतं? लंडी खाना. एक मोडीत निघालेलं नाव. बाबांच्या वह्यांत असं एखादं नाव, एखादी वस्तू बेसावधपणे पडलेली असेल. पेन्सिलीने तिथे खूण करा. फ्रेंच वैमानिक-लेखक सेंत-एक्झुपेरी १९३५ च्या अखेरीस आपल्या मेकॅनिकबरोबर सहाराच्या वाळवंटात कोसळला आणि तहानेने मरायला टेकला. त्याने ते पुढे लिहिलं, त्यातलं मला आठवतं ते एक संत्रं. तोही आधी टपालच वाहायचा.

भाषेचं बघू. मराठीत व्हावं हा तुमचा आग्रह, वह्या इंग्रजीत. महावीर चक्र मिळालेले आणि पुढे वायुसेनाप्रमुख झालेले हृषीकेश मुळगावकर मराठी घरातले, पण त्यांच्या आठवणींचं पुस्तक इंग्रजीत. त्यात नवल नाही. वैमानिकाचं कामाचं जग इंग्रजीत घडतं, शिव्या बहुतेक हिंदीत आणि आईची आठवण मराठीत. बाबांना वह्या इंग्रजीतच लिहू द्या, बोलायला मात्र मराठीत बसवा. बोलताना त्यांची जी सरमिसळ होईल तीच पुस्तकाची भाषा. सॉर्टी म्हणजे सॉर्टीच, तिची 'उड्डाणफेरी' करू नका. क्रू रूम, पोस्टिंग, टेक ऑफ, सीओ (कमांडिंग ऑफिसर), सगळं तसंच. एखादा शब्द वाचकाला अडेल असं वाटलं तर पुढच्याच वाक्यात कळेल असं लिहा. आणि हात जोडून सांगते, नावात गगन, नभ, झेप, भरारी, पंख यांतलं काही नको. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, १८९३ पासूनची संस्था आहे, कपाटांपुढे एकदा उभ्या राहा आणि किती भराऱ्या निघतात ते मोजा.

आपलं लिखाण कोर्समेट्स काय म्हणतील, ही धास्ती बाबांना असणार. सगळ्यांना असते. अमेरिकन लेखक जेम्स सॉल्टर कोरियन युद्धात सेबर जेट विमानातून शंभराच्या वर मोहिमांवर गेलेला. १९५६ मध्ये पहिली कादंबरी काढली ती टोपणनावाने, कारण स्क्वॉड्रनमध्ये कळायला नको होतं. पुढच्या वर्षी नोकरी सोडली, पण नाव तेच चिकटलं. आत्मकथनाला टोपणनाव चालत नाही. त्यावर माझा उपाय म्हणजे मसुदा छापण्याआधी दोन कोर्समेट्सना वाचायला द्यायचा, त्यांतला एक तरी बाबांशी न पटणारा असावा. तपशिलाच्या चुका तोच काढतो. मी एकदा हे टाळलं. छापखान्याने मुखपृष्ठावर भलत्याच, कितीतरी नंतरच्या हेलिकॉप्टरचं चित्र टाकलं, मला फरक कळला नाही, आणि प्रकाशनाच्या दिवशी सभागृहाच्या दारातच एका निवृत्त विंग कमांडरांनी मला विचारलं, "हे १९७१ मध्ये कुठून आणलंत?" पाचशे प्रतींना नवं वेष्टण घालावं लागलं.

गोपनीयतेबद्दल. मी वकील नाही. शासकीय गोपनीयता कायदा १९२३ चा आहे आणि निवृत्तीने त्यातून सुटका होत नाही. १९७१ बद्दल इतकं काही प्रसिद्ध झालंय की त्यात अडचण सहसा येत नाही. शिवाय युद्धाची कागदपत्रं साधारणपणे २५ वर्षांत खुली व्हावीत असं धोरण संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये जाहीर केलेलं आहे. पण बाबा १९७१ नंतरही नोकरीत होते. पुढच्या पोस्टिंगमधली यंत्रणा, संख्या, आजही चालू असलेल्या तळांची रचना यातलं काही आलं असेल तर काढून टाका, आणि शंका असली तर वायुसेना मुख्यालयाला लेखी विचारा. उत्तराला वेळ लागेल. लागू दे. अपघातांबद्दल लिहिताना दोष कुणाचा हे ठरवायला जाऊ नका. गेलेल्या वैमानिकाची बायको, मुलं आहेत, ती वाचणार. नाव घालण्याआधी त्यांना फोन करा.

पैशांचं थोडक्यात: दोनशे पानांचं पुस्तक म्हणजे साधारण पंचावन्न-साठ हजार शब्द. तासाभराच्या रेकॉर्डिंगमधून छापण्याजोगी चार-पाच पानं निघाली तर नशीब समजा. शब्दांकन करणाऱ्याशी आधी कागदावर करार करा, कॉपीराइट बाबांच्या नावे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो, त्याचे वेगळे पैसे मागणाऱ्या प्रकाशकापासून चार हात लांब राहा.

आईबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. असतील तर त्यांचं वेगळं रेकॉर्डिंग करा, बाबा घरात नसताना. काळ्या ट्रंका किती वेळा भरल्या, त्यांच्यावरची जुनी पोस्टिंगं रंगाने कशी खोडली, डिसेंबर १९७१ मध्ये त्या कुणाकडे राहत होत्या आणि बातम्या कुठल्या रेडिओवर ऐकत होत्या. येताना काय आणलं, याचं अर्धं उत्तर त्यांच्याकडे असू शकतं. बॅग त्यांनीच उघडली होती.

या रविवारी ठाण्याला जाल तेव्हा वह्यांचा विषय काढू नका. लॉगबुक मागा, आणि एक चांगलं भिंग घेऊन जा, शाई फिकी झालेली असेल. डिसेंबर १९७१ चं पान त्यांनाच काढू दे. तुम्ही फक्त त्यांचं बोट कुठल्या ओळीवर आधी थांबतं ते बघा, आणि ती ओळ मला कळवा.